पाठीमागे सही

आक्कांनी पावती लॅमिनेट करून घेतली होती. पिंपळगावच्या एका झेरॉक्सवाल्याकडून, दहा रुपये देऊन. कागद पावसाळ्यात दमट होतो, उंदीर कुरतडतात, घडीवरचं अक्षर जातं, असा सगळा विचार करून. मग रेशनकार्ड आणि नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याबरोबर ती पत्र्याच्या पेटीत ठेवली. यंदा उन्हाळ्यात त्या नाशकात माझ्याकडे आल्या, पिशवीतून पावती काढली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"हे बघ रे, ते हापिसातले म्हणे मागच्या अंगाला सही करून आणा. पेनच उठत नाही हिच्यावर."

मी बॉलपेनानं करून पाहिलं. नुसता ओरखडा. मुलाच्या दप्तरातला मार्कर आणला. सही उठली. आक्कांनी खात्री करायला त्यावरून बोट फिरवलं आणि सही बोटाला आली. आम्ही दोघंही हसलो, पण त्यांचं हसू लवकर आवरलं.

फिकट हिरवा कागद, कडेनं वेलबुट्टीची चौकट. वर संस्थेचं नाव, त्याखाली बारीक अक्षरात नोंदणी क्रमांक. रुपये अक्षरी पंच्याहत्तर हजार मात्र. मुदत ७२ महिने. देय रक्कम १,५०,०००. ठेव तारीख मे २००५, देय तारीख मे २०११. खाली चेअरमनची लफ्फेदार सही, मॅनेजरची आखडती सही आणि जांभळा गोल शिक्का. मागच्या बाजूला छापलेलं, 'सदर पावतीची रक्कम व्याजासह मिळाली', आणि एक रुपयाच्या रेव्हेन्यू तिकिटासाठी रिकामा चौकोन.

संस्थेचं शटर पडलं सप्टेंबर २०१० मध्ये. पावती पिकायला आठ महिने राहिले होते.

आक्का माझ्या नात्यातल्या नाहीत. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत आहे. त्यांच्याकडे खलबत्ता वाजला की आमच्याकडच्या फळीवरचे डबे थरथरायचे. नवरा साखर कारखान्यात होता, तो गेल्यावर जो फंड मिळाला तो हा.

गावात त्या संस्थेला कोणी पतसंस्था म्हणत नसे. 'बँकेत जाऊन येते', 'बँकेत टाकलेत', असंच. खरं तर बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ७ नुसार पतसंस्थेला 'बँक' हा शब्द वापरता येत नाही, आणि पाटीवर तो नव्हताही. पण लोकांच्या तोंडाला कोण पाटी लावणार. बाहेरून काळा ग्रॅनाइट, काचेचं दार, मॅनेजरच्या केबिनला एसी. प्रत्येक घरात संस्थेचं कॅलेंडर, त्यावर चेअरमनचा हात जोडलेला फोटो. वार्षिक सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेतल्या सगळ्या विषयांना हात वर केले की बाहेर पडताना स्टीलचा डबा मिळायचा. आमच्याकडे असे सहा डबे आहेत. एकात अजून हळद आहे. ताळेबंद वाचून डबा घेतलेला माणूस गावात नसेल.

तेव्हा राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीला सहा टक्क्यांच्या आसपास मिळत होते. संस्था बारा देत होती, म्हणजे सहा वर्षांत दामदुप्पट. बारा टक्के देणारा माणूस पैसे कितीनं फिरवत असेल आणि ते फेडू शकणारं पीक कोणतं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. शहाण्यांनीही नाही. माझे वडील, म्हणजे आप्पा, शाळेत गणित शिकवायचे.

व्याज हे एक कारण झालं. दुसरं कारण संध्याकाळी साडेसातला लूनावरून यायचं. पिग्मीवाले भाऊ.

पिग्मी हा शब्द आला उडुपीहून. सिंडिकेट बँक ही नंतरची मोठी बँक. तिचं मूळ नाव कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट. तिनं १९२८ मध्ये दारोदार जाऊन रोज दोन आणे गोळा करायची योजना काढली आणि तिला हे नाव दिलं. दोन आणेवाल्याला बँकेची पायरी चढायची भीती वाटते, तर बँकच त्याच्या पायरीवर गेली. ही कल्पना मला अजूनही फार मोठी वाटते. आमच्या गावात ती पोचेपर्यंत आण्यांचे रुपये झाले होते आणि बँकेची पतसंस्था. बाकी सगळं तेच.

भाऊ गळ्यात रेक्झिनची बॅग अडकवून यायचे. आधी कार्डावर चौकोनात आकडा लिहून सही करायचे, नंतर हातात मशीन आलं. त्यातून निघालेली चिठ्ठी चुलीजवळ खोचली की पंधरवड्यात कोरी व्हायची. आक्का ती कोरी चिठ्ठीही जपून ठेवायच्या. भाऊंना कमिशन शेकडा दोन-तीन रुपये. तेवढ्यासाठी ते कुणाच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करायचे, कुणाला सातबारा आणून द्यायचे, कुणाच्या पोराला दहावीला किती पडले हे त्याच्या काकाच्या आधी त्यांना ठाऊक असायचं. आक्का रोज वीस रुपये द्यायच्या. ज्या दिवशी नसायचे त्या दिवशी "उद्या चाळीस घ्या" म्हणायच्या आणि भाऊ पदरचे वीस टाकून कार्ड भरायचे. चेअरमनला आक्कांनी आयुष्यात दोनदा पाहिलं असेल. नवऱ्याचा फंड आला तेव्हा त्यांनी विचारलं ते भाऊंनाच, कुठं ठेवू म्हणून. भाऊंनी सांगितलं. खोटं सांगितलं नाही. स्वतःच्या मुलीच्या लग्नाचे त्यांनीही तिथंच ठेवले होते.

आता पैसे होते कुठं? तिजोरीत नव्हते, आणि असायलाही नको होते. तिजोरीत ठेवून बारा टक्के कोण देईल. पैसे द्राक्षबागेत उभे होते. नवी बाग लावायची म्हणजे आधी डॉगरिजचे खुंट, मग त्यावर कलम, ठिबक, मांडवाचे लोखंडी अँगल, किलोवर मोजून घेतलेल्या तारा. हातात माल यायला दीड-दोन वर्षं. म्हणजे आक्कांचे पैसे कुणाच्या तरी वावरात तारेवर ताणलेले होते. ते पाच-सात वर्षांनी सुटणारे. आणि इकडे आक्कांना सांगितलेलं, केव्हाही या, थोडं व्याज तुटेल, पावती मोडून देऊ. या दोन वाक्यांत जी फट आहे तिच्यावरच जगातली प्रत्येक बँक उभी असते. सगळे एकदम आले नाहीत तर ती दिसत नाही.

आमच्या संस्थेत ती फट आधीपासून रुंदावत होती. गावाकडे 'नवं-जुनं' म्हणतात तो प्रकार. मार्चअखेर आली की थकलेलं कर्ज भरल्याचं दाखवायचं आणि त्याच दिवशी त्याच माणसाला तेवढंच, व्याज मिळवून, नवं कर्ज द्यायचं. कागदावर थकबाकी शून्य. ऑडिटचा वर्ग चांगला. कर्जदार खूश, मॅनेजर खूश, चेअरमनला पंचायत समितीचं तिकीट. संचालकांच्या मेहुण्या-पाहुण्यांच्या नावावरची कर्जं वेगळी. हे सगळं नंतर चौकशीत बाहेर आलं, असं म्हणायची पद्धत आहे. चहाच्या टपरीवर ते आधीपासून माहीत होतं. फक्त ते माहीत असणं आणि आपली पावती, यांचा एकमेकांशी संबंध आहे असं कुणाला वाटत नव्हतं.

मग ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आलं आणि आमच्याकडे पाऊस घेऊन आलं. ऑक्टोबर छाटणीच्या बागा फुलोऱ्यात. आठ दिवसांत डावणी, म्हणजे बुरशीचा रोग. घड हातात घेतला की भुकटी व्हायचा. वाचल्या त्या बागांचा माल युरोपला निघाला, तर २०१० च्या त्याच हंगामात तिकडं तपासणीत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश मर्यादेबाहेर निघाला. वेलीची वाढ रोखायला मारतात ते हे औषध. कंटेनर अडकले, निर्यातदारांनी हात वर केले, व्यापाऱ्यांचे चेक परतले. त्या मार्चला नवं-जुनं करायलाही संस्थेकडे पुरेसं जुनं वसूल होईना.

मी तेव्हा नाशकात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पोळ्याला घरी आलो होतो. पोळ्याच्या आधी तशीही संस्थेत गर्दी असते. बैलांचा साज, झूल, घुंगरं, घरात पुरणाचं सामान, गड्यांना कपडे. त्यामुळे सोमवारी सकाळी दहाला ओट्यावर तीस-चाळीस माणसं दिसली तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही. अकराला ती दोनशे झाली. त्यात बाजूच्या गावचे लोक होते, आणि ज्यांच्याकडे बैल नाहीत असेही होते.

सुरुवात कशातून झाली याच्या तीन कथा आहेत. एक अशी, की शेजारच्या तालुक्यातल्या कुठल्याशा संस्थेचं शटर पडलं आणि नावात एक शब्द सारखा होता. दुसरी, चेअरमनच्या पुतण्यानं नवी गाडी विकायला काढली. तिसरी, एका कांदा व्यापाऱ्याला चार लाख हवे होते आणि मॅनेजर म्हणाला, "परवा या." मला तिसरी खरी वाटते. हा निरोप ऐकायला मागे सहा माणसं उभी होती.

दुपारपर्यंत मॅनेजर सगळ्यांना देत होता. हसून देत होता, चहा पाजत होता. काउंटरच्या काचेआड नोटांची चळत मुद्दाम दिसेल अशी लावलेली. जवळ गेल्यावर कळायचं, दहा-दहाच्या नोटा आहेत. मग दोन काउंटरचं एक झालं. मग टोकन. मग रक्कम दहाच्या बंडलात द्यायला लागले आणि म्हणाले, मोजून घ्या, नंतर तक्रार नको. एका म्हातारबाबांनी वीस हजार मोजायला अर्धा तास घेतला; मागचे ओरडत होते आणि बाबा चुकले की पुन्हा पहिल्यापासून मोजत होते. दीडच्या सुमाराला एक संचालक जीपमधून आले. गर्दीतून वाट काढत, सगळ्यांना दिसेल अशी बॅग उंच धरून आत गेले. "भरणा करायला आलोय, घाबरू नका." पाच मिनिटं शांतता झाली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, तीच बॅग मागच्या दारानं जाऊन पुढनं आली भो." ते खरं होतं की नाही देव जाणे. पण त्यावर जे हसू फुटलं त्यातच संस्था संपली असं मला तेव्हाही वाटलं. लोक रडत असेपर्यंत वेळ असते.

चेअरमन टेबलावर चढून बोलले. एकूण एक रुपया सुरक्षित आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका, ही आपली संस्था आहे. 'आपली' या शब्दावर एक बाई म्हणाली, "मग आमचं आम्हाला द्या की." चार वाजता कागद चिकटला. तांत्रिक कारणास्तव आज व्यवहार बंद.

आक्का रांगेत नव्हत्या. त्या दिवशी त्या मजुरीला टोमॅटो खुडायला गेल्या होत्या.

डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग या दोन अमेरिकन अर्थशास्त्र्यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं होतं, की चांगल्या बँकेतूनही सगळे एकदम पैसे काढायला धावले तर ती पडते. आणि मजा अशी की दुसरे धावणार असं एकदा वाटलं, की आपण धावणं हेच शहाणपणाचं ठरतं. त्यांना २०२२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, बेन बर्नान्की यांच्यासोबत. ते वाचताना मला आमचा तो ओटा आठवत होता. रांगेतल्या पुष्कळांचा चेअरमनवर तेव्हाही विश्वास होता. विश्वास उडाला होता तो पुढे उभ्या असलेल्या माणसावर. हा आपल्या वाटचे घेऊन जाईल.

आमची संस्था चांगली नव्हती, हे खरं. संचालक आजही म्हणतात, अफवेनं बुडवली, नाहीतर दोन हंगामांत सावरली असती. ठेवीदार म्हणतात, आतून पोखरलेली होती, अफवा निमित्त. मला वाटतं पोखरलेली होती. पण पोखरलेलं झाडही वाऱ्याशिवाय वीस वर्षं उभं राहतं, हेही मी पाहिलंय. त्यामुळे या वादात मी पडत नाही. शिवाय पडायचा मला अधिकार कितपत आहे, तो मुद्दा आहेच.

कारण आम्ही सोमवारच्या रांगेत नव्हतो. आम्ही शनिवारी गेलो होतो.

संस्थेतला कॅशियर आप्पांचा मावसभाऊ. शुक्रवारी रात्री तो जेवायला म्हणून आला, जेवला काहीच नाही. जाताना आप्पांना ओट्यावर बोलावून दोन वाक्यं बोलला. शनिवारी संस्था अर्धा दिवस. बंद झाल्यावर दोनच्या सुमाराला आप्पा मला घेऊन मागच्या गल्लीतून गेले. बाजूचं लहान दार उघडं होतं. आत पंखा बंद, घामाचा आणि डिंकाचा वास. कॅशियरकाकांनी आमच्या दोन पावत्या घेतल्या. मागच्या बाजूला आप्पांनी तिकिटावर आडवी सही केली. मुदतीआधी मोडतोय म्हणून व्याज एक टक्का कमी धरलं होतं, तर आप्पांनी, गणिताच्या मास्तरांनी, तिथं उभं राहून त्यावर हुज्जत घातली. १,४२,३०० की १,४२,९००. मला त्यांचा हात धरून ओढावंसं वाटत होतं. शेवटी सहाशे रुपये जास्त मिळाले.

नोटा त्यांनी खताच्या रिकाम्या गोणीच्या तुकड्यात गुंडाळल्या, वरून मेथीची जुडी ठेवली. घरी आलो. आई चूल सारवत होती, तिनं काही विचारलं नाही. भिंतीपलीकडे आक्का काहीतरी कुटत होत्या. फळीवरचे डबे थरथरत होते. आप्पा पलंगावर बसले, त्या भिंतीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "कुठं बोलायचं नाही."

मी बोललो नाही. पुढच्या वर्षीची माझी कॉलेजची फी त्यातून गेली.

मला पुष्कळदा वाटतं, आक्कांना सांगितलं असतं तर? त्या भाबड्या, त्यांनी भाऊंना विचारलं असतं, भाऊंनी मॅनेजरला, आणि रांग सोमवारऐवजी शनिवारीच लागली असती. मग आमचेही गेले असते. हा हिशोब आप्पांनी ओट्यावरच केला असणार. त्यांचं गणित चांगलं होतं.

भाऊंचं सांगायचं राहिलं. सोमवारी संध्याकाळी, दिवसभर तो तमाशा होऊनही, भाऊ साडेसातला लूनावरून आले. नेहमीसारखे. बहुतेकांनी दारं लावून घेतली. पण शिंप्यानं वीस रुपये दिले. किराणावाल्यानं पन्नास. आक्का वावरातून नुकत्याच आल्या होत्या, त्यांनीही दिले. मी नंतर शिंप्याला विचारलं, दिवसभर समोरून सगळं बघत होतात, तरी दिलेत? तो म्हणाला, "दारात उभा राहिला ना माणूस. त्याच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं?" भाऊ ते पैसे भरायला गेले तर संस्थेला कुलूप. मंगळवारी सकाळी ते पायी निघाले आणि ज्याचे त्याचे पैसे परत देऊन आले. संस्थेचं शटर पडल्यावर ज्यांना एकूण एक रुपया परत मिळाला, असे हे एवढेच ठेवीदार.

पुढचं सगळं ठरलेल्या वाटेनं गेलं. संचालक मंडळ बरखास्त, प्रशासक, मग अवसायक, म्हणजे संस्था गुंडाळून देणी भागवणारा अधिकारी. ज्यांना सतराचा पाढा येत नव्हता त्यांना सहकार कायद्याची कलमं पाठ झाली. ८३ ची चौकशी, ८८ ची जबाबदारी निश्चिती, १०१ चा वसुली दाखला, १०२ चं अवसायन. पारावर बसून म्हातारे "अठ्ठ्याऐंशी लागलं का?" असं विचारायचे, पावसाचं नक्षत्र लागलं का विचारावं तसं. दाखले निघाले, जमिनींचे लिलाव जाहीर झाले. चावडीसमोर वसुली अधिकारी खुर्ची टाकून बसायचा आणि बोली लावायला माणूस यायचा नाही. भाऊबंदाची जमीन लिलावात घेणार कोण. ज्यांचे पैसे अडकले होते तेही त्या दिवशी घरात बसायचे. उद्या त्याच बांधावरून पाणी न्यायचं असतं. अवसायकांनी मध्ये एकदा प्रत्येकी दहा हजार वाटले. त्यानंतर आत्ता, संस्थेची इमारत विकली गेल्यावर, पुन्हा थोडं वाटप निघालंय. मूळ पावती आणा, पाठीमागे सही करून.

मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेनं निर्बंध आणले आणि ठेवीदारांना हजार रुपयेच काढता येतील असं जाहीर झालं, तेव्हा आक्कांनी टीव्हीवर मुंबईच्या त्या गेटसमोरच्या बाया पाहिल्या. मला फोन करून विचारलं, "ह्यांचे पण गेले का रे?" मी सांगितलं, यांना विमा आहे. तेव्हा तो समजावून सांगताना माझीच पंचाईत झाली होती. १९६० साली केरळातली पालई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यानं आपल्याकडे ठेवींना विमा आला. १९६२ च्या सुरुवातीला तो दीड हजारापर्यंत होता. १९६८ मध्ये सहकारी बँकांसाठीही दार उघडलं. १९९३ मध्ये मर्यादा एक लाख झाली, आणि पीएमसीनंतर, ४ फेब्रुवारी २०२० पासून, पाच लाख. पतसंस्था यात कुठंच नाहीत. तिच्या पाटीवर बँक हा शब्द नाही ना, म्हणून. आक्कांचे पंच्याहत्तर हजार तेव्हाच्या एक लाखात अख्खे बसले असते, वर व्याजही थोडंफार. त्यावर आक्का फोनवर एवढंच म्हणाल्या, "आपण तर बँकच म्हणायचो." थोड्या वेळानं, "आम्ही रडलो तेव्हा टीव्ही नव्हता आला."

भाऊ पुढं गाव सोडून नाशकात आले. अंबडला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते काही वर्षं. मला एकदा सिडकोत भाजी घेताना दिसले. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या कॉलेजचं काय झालं, नोकरी कुठं, आईचे गुडघे कसे, सगळं नीट विचारलं. आप्पांचं विचारलं नाही.

आप्पा जाऊन चार वर्षं झाली.

तर त्या दिवशी टेबलावर ती पावती. मी कडेनं ब्लेडनं लॅमिनेशन कापलं, पण मधलं चिकटलेलं निघेना. बायको म्हणाली, इस्त्री फिरवून बघा, गरम झाल्यावर सुटेल. जुना पंचा दुहेरी घातला, खाली पावती, वरून हलकी इस्त्री. आक्का खुर्ची जवळ ओढून बसल्या. प्लॅस्टिकचा वास सुटला. एक कोपरा सुटा झाला, मी नखानं धरला.

आक्का पावतीकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "तुझ्या बापानं आधीच काढले ना?"

मी इस्त्री बाजूला ठेवली. "हो. शनिवारी."

"दुपारचं?"

"दोन वाजता."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं.

"मी घरातच होते," त्या म्हणाल्या. "दाण्याचा कूट करत होते. म्हणजे आमच्याच ओट्यावरनं गेला असंल."

"मीपण होतो बरोबर."

"मेथी होती पिशवीत. मी म्हटलं, मास्तर, कुठनं आणली एवढी हिरवीगार?" आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणला, बाजारातनं. शनिवारी कुठला बाजार."

मला त्या मेथीबद्दल आप्पांनी कुणाला काही उत्तर दिल्याचं आठवत नाही. कदाचित मी पुढे गेलो असेन.

"ओढ आता," त्या म्हणाल्या, "गार होईल."

मी पुन्हा इस्त्री टेकवली आणि हळूहळू ओढलं. मागचं प्लॅस्टिक जवळजवळ पूर्ण सुटलं, तिकिटाचा चौकोन मोकळा झाला. पुढच्या बाजूचं मात्र कागदाचा वरचा थर घेऊनच आलं. रक्कम राहिली, तारीख राहिली. चेअरमनची सही निम्मी कागदावर आणि निम्मी प्लॅस्टिकला. मी तो तुकडा उजेडात धरून पाहिला, सही उलटी दिसत होती.

"चालंल का असं?" आक्का म्हणाल्या.

मी म्हटलं, विचारून बघू. त्यांनी चष्मा लावला, पेन घेतलं, आणि पाठीमागे, चौकोनाच्या आत, एकेक अक्षर सुटं काढत सही करायला घेतली.